पहिल्या स्पर्शाची चौकट

गुरुवार, कार्तिक शुद्ध षष्ठी. सांगली.

आज विद्यापीठाच्या कार्यशाळेत चहात माझं बिस्किट बुडालं ते वर आलंच नाही. अशा अपमृत्यूला धर्मशास्त्रात प्रायश्चित्त सांगितलेलं नाही, मी आठवून पाहिलं.

मग आम्हा मास्तरांना अभ्यासक्रमाचा नकाशा काढायला बसवलं. कोणत्या वर्षी कोण काय शिकवतो, त्याची चिठ्ठी भिंतीवरच्या तक्त्यात लावायची. मला वाटलं, पोरखेळ. पण 'रुग्णाला पहिला स्पर्श' ही चौकट शेवटपर्यंत मोकळीच. नर्सिंगच्या पवारबाई म्हणाल्या, "आवं सर, आमाला वाटलं तुमी आयुर्वेदवाले शिकवताय!" आणि मी समजत होतो, ते नर्सिंगवाले शिकवतात.

साताऱ्याचे आमचे वैद्यबुवा आठवले. त्यांच्या दवाखान्यात मी पहिल्या दिवशी रुग्णाच्या पोटावर हात ठेवला तो श्लोक म्हणतच. बुवांनी हात उचलून बाजूला केला. "श्लोक ऱ्हाऊ दे रं गड्या, आदी हात चोळ. गार हातानं माणूस दचकला की पोट आवळतंय, खोटं बोलतंय." थंडीत तर शेगडीवर हात धरायला लावायचे. काय ऊब होती त्या खोलीत! आणि हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

बावीस वर्षं मी श्लोक शिकवले. हात चोळायला एकदाही सांगितलं नाही. मी शिकवलेली मुलं आज कडेगावपासून लोणंदपर्यंत दवाखाने चालवतात. त्यांच्या गार हाताखाली कुणाचं दुखणं निसटलं असेल का? असेल, असंच वाटतं, आणि त्याची मला भीती वाटते.