गरजू घराची तपासणी

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण वहिनी म्हणते हल्ली घरात त्यांचंच जास्त ऐकलं जातं. इकडे सगळे मजेत. मी तर इतकी मजेत आहे की काल चहात दोनदा साखर घातली, आणि कुणी काही बोललं नाही म्हणून तिसऱ्यांदाही घातली.

बातमी अशी की मी कॉलेज पुरं करणार आहे. हसून घे. (झालं? आता पुढे वाच.) शेवटचं वर्ष राहिलं त्याला सव्वीस वर्षं झाली, तरी कॉलेज म्हणतं, या. पण फीचा आकडा ऐकून ह्यांच्या हातातलं घड्याळ खाली पडलं (गिऱ्हाइकाचं, दुरुस्तीला आलं होतं, आता त्याला खरंच दुरुस्तीची गरज आहे). मग मी मदत शोधायला निघाले. एक शिष्यवृत्ती पंचवीस वर्षांखालच्यांना, एक उत्तम खेळाडूंना, आणि माझी धाव फक्त पाळणाघरातल्या पोरांच्या मागे. शेवटी वाचनालयातल्या बाईंनी एका संस्थेचा पत्ता दिला. शिक्षण अर्धवट सुटलेल्या बायकांची फी ती भरते. मात्र घर गरजू हवं, आणि ते बघायला तपासनीस बाई घरी येणार.

इथे सासूबाई कंबर कसून उठल्या. घरी पाहुणे येणार आणि घर हे असं? लोक काय म्हणतील? मी परोपरीने सांगितलं की लोकांनी 'अरेरे' म्हणावं हीच आपली इच्छा आहे. पण पालथ्या घड्यावर पाणी. दुपारी पाळणाघरातून परतले तर मला वाटलं मजला चुकला. खालच्या दातांच्या डॉक्टरांचा सोफा, समोरच्या काकूंच्या सोनेरी काठाच्या कपबश्या, वरच्या मास्तरांचा गालिचा, आणि या सगळ्याच्या मधोमध सासूबाई, लग्नातलं ठेवणीतलं पातळ नेसून.

तपासनीस बाई आल्या, सोफ्यात रुतल्या, वहीत काहीतरी लिहिलं आणि खोडलं. वर सासूबाई म्हणाल्या, "आम्हाला काही म्हणता काही कमी नाही हो!" दादा, सव्वीस वर्षांनी हातातोंडाशी आलेला घास, आणि तो सासूबाई गालिच्याखाली सारत होत्या.

तेवढ्यात दातांचे डॉक्टर ॲप्रनसकट दारात. खाली तीन पेशंट उभे आहेत, सोफा हवा होता. बाई उठल्या, सोफा गेला. मागोमाग मास्तर आले आणि बाईंना एकेक पाय उचलायला लावून गालिचा गुंडाळून घेऊन गेले. मग काकू. बाईंच्या हातात अर्धा कप चहा होता, तो संपेपर्यंत काकू सौजन्याने थांबल्या. दहा मिनिटांत आमची खोली होती तशी झाली. बाई मध्ये उभ्या राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. म्हणाल्या, "गरज पुष्कळ घरांत पाहिली, पण ती लपवायला एवढी मेहनत कुणी घेतली नव्हती." आणि त्यांनी शिफारस लिहिली!

सासूबाई दोन दिवस रुसल्या होत्या. काल त्यांनी माझ्या जुन्या वह्यांना नवी कव्हरं घातली.

तेव्हा काळजी नसावी. हे पत्र पैसे मागायला मुळीच नाही. वहिनीला नमस्कार.

तुझी विद्यार्थिनी बहीण

ता. क. पैसे नकोत, पण सोबत जोडलेल्या अर्जावर एक सही हवी. तिच्यावाचून सगळं अडलंय आणि अर्जाची मुदत सोमवारी संपते. 'शिक्षण का सुटले' या रकान्यात मी 'घरची अडचण' असं लिहिलं आहे. त्याखाली ती अडचण माहीत असलेल्या माणसाने सही करायची. त्या वर्षी बाबांना एकाचीच फी झेपत होती आणि त्यांनी तुझी भरली. तुझ्याइतकी ती अडचण जवळून कुणी पाहिलीय?

आणखी एक. रागावून लिहीत नाहीये, खरंच. तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण तू पास झालास त्या दिवशी सगळ्यात मोठ्यांदा मीच ओरडले होते. फक्त परीक्षेला जाताना तू माझं पेन नेलं होतंस. अजून असेल तर सही त्यानेच कर आणि ते अर्जासोबत पाठव. मला लागणार आहे.