पांढरा टॉवेल

शुक्रवार, संध्याकाळ. मदिनत खलीफा

ग्रेसने एलिझाबेथताईंना निवडलं. मला नाही.

आज उपासना संपल्यावर तिने सगळ्यांसमोर सांगितलं की तिला बाप्तिस्मा घ्यायचाय. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. केनियाहून इथे आखातात युनिव्हर्सिटीत शिकायला आलेली ही पोरगी वर्षभर माझ्याच हॉलमध्ये शास्त्राभ्यासाला बसली. तिच्या एकेका प्रश्नासाठी मी पुस्तकं पालथी घातली. आमच्या मंडळीत पद्धत अशी, की ज्याने विश्वासात आणलं तोच पाण्याच्या कडेला टॉवेल घेऊन उभा राहतो. मी तर टॉवेल केव्हाच आणून ठेवलाय. पांढरा, चांगला जाड.

आणि ही म्हणते, टॉवेल एलिझाबेथ आंटी धरतील!

का? आमच्याच मंडळीतल्या या ताईंनी असं काय केलं? नजमा भागातल्या आपल्या एवढ्याशा खोलीत तिला पिठलं-भाकरी खाऊ घातली. इंग्रजी मोडकंतोडकं. पोरीने काही विचारलं की यांचं ठरलेलं, "आय डोन्ट नो, बेटा. कम, वी प्रे." प्रभू, एवढंच पुरतं का रे?

ती तुझ्याकडे आली याचा मला आनंद व्हायला नको? झालाय. थोडा.

आत्ताच ताईंचा फोन येऊन गेला. "सलाम गं. मला बाई यातलं काही कळत नाही. टॉवेल कसला न्यायचा असतो?"

"कसलाही चालतो, ताई," मी म्हणाले.

माझा टॉवेल तेव्हा माझ्या मांडीवरच होता. त्याचं लेबलसुद्धा अजून काढलेलं नाही.