मेंदीचा कोन आणि गुलाब

कोपरखैरणे, शनिवार, १८ मे

चार दिवस रोजनिशी टाळली, कारण केकवरचे आयसिंगचे गुलाब जमत नव्हते. आज भाचीचा वाढदिवस. भावजी सकाळीच म्हणाले, "सोड रे, हेही तुझं अर्धवटच राहणार." लागलं मनाला.

ताईने मेंदीसारखा आयसिंगचा कोन वळून दिला होता. मी मेंदीसारखाच हात फिरवत होतो आणि पाकळ्या लोळत होत्या. ताई हसली, "अरे येड्या, हात नको, वाटी फिरव!" उलट्या वाटीवर पाकळी धरली, वाटी फिरवली. गुलाब! नऊ केले. खाली वरातीचा बँड वाजत होता, तरी उठलो नाही. मी! नऊ गुलाब!

आत्ताच बेल वाजली. मी कॉलेज अर्धवट सोडल्यापासून तीन वर्षं माझ्याशी न बोललेले आमचे वडील, अण्णा, साताऱ्याहून न कळवता आलेत. ताई त्यांना केक दाखवतेय.