पूजेचा रुपया

बाबा,

विचारायला फार उशीर झाला आहे, तरी विचारते. तो रुपया आईच्या पूजेला गेला, तेव्हा तो कोणता आहे हे तुम्हाला माहीत होतं का?

दिवाळीच्या आधी ठाकुर्लीच्या घरातलं तुमचं कपाट उघडलं. ज्या प्लास्टिकच्या पाकिटांत तुम्ही नाणी इतक्या निगुतीने ठेवली होती, ती चिकट झाली आहेत आणि चांदीवर हिरवट, ओशट थर आला आहे. पुसायला रुमाल घेतला आणि थांबले. मी चौथीत असेन. राणीच्या छापाच्या रुपयावर फुंकर मारून मी तो फ्रॉकला घासते आहे आणि तुम्ही माझं मनगट धरता. "अगं ए, घाण नाहीये ती. कातडी आहे त्याची. सोलून काढणारेस का?"

म्हणून काही न पुसता सगळी नाणी ठाण्याला, खोपटच्या एका जुन्या नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे नेली. सोबत देव्हाऱ्यातला आईच्या पूजेचा रुपयाही घेतला. त्यांनी भिंग लावून पाहिलं. "हा हिरवा थर काढायचा मॅडम, तो प्लास्टिकचा आहे. काळपटपणा ठेवायचा, तो नाण्याचा स्वतःचा." मला हे पटलं, पण नाण्याचं स्वतःचं काय हे कोण ठरवतं, असंही वाटून गेलं. मग त्यांनी पूजेचा रुपया घेतला. लख्ख पांढरा, राणीच्या केसांत कुंकू बसलेलं. मागच्या बाजूचं टांकसाळीचं एक बारीक चिन्ह ते बराच वेळ बघत राहिले. ते चिन्ह फार थोड्या नाण्यांवर आहे म्हणे.

"या सगळ्यांत दुर्मीळ हाच. कोणी घासला एवढा?"

"आईने. दर लक्ष्मीपूजनाला, चिंच लावून."

"अरेरे! अजून थोडी वर्षं घासलात तर चिन्ह जाईल. पुन्हा काळा करून देऊ का? उकडलेल्या अंड्याबरोबर डबीत ठेवला की मस्त रंग चढतो. कोणाला कळत नाही."

"मला कळेल ना."

"मॅडम, रंग चढवायचाय. त्याच्याशी लग्न नाही लावायचं."

लक्ष्मीचा रुपया आणि अंडं! आईने मला घरात घेतलं नसतं. मी तो तसाच परत आणला.

आई चकलीची भाजणी चाळत होती. विचारलं, बाबांनी तुला हाच रुपया का दिला?

"दिला कुठे? मी उचलला. काळं नाणं मी लक्ष्मीपुढे ठेवणार नाही म्हटलं, तर त्यांनी सगळे रुपये मांडले आणि म्हणाले, घे कुठलाही. मी सगळ्यात काळा घेतला. आंघोळीची गरज त्यालाच जास्त."

"आणि बाबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? चिंच फार वेळ ठेवू नकोस म्हणाले."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, असं मला वाटतं. पण हे मला इतकं आवडतं आहे, की त्याचाच संशय येतो. कदाचित चिन्ह तुम्हाला पुढे कधीतरी दिसलं असेल, आणि परत मागायला जीभ रेटली नसेल. की आईच्या हातात तो झिजतो हेही त्याचं स्वतःचंच, असं तुम्ही मनाशी ठरवलं होतं? तुम्ही असतात तर या एका प्रश्नावर दोन चहा झाले असते.

आईला म्हटलं, यंदा नुसत्या पाण्याने धुऊ या का? खूप दुर्मीळ आहे गं तो.

"मग तर नीटच आंघोळ घालायला हवी त्याला," ती म्हणाली.

काल संध्याकाळी, लक्ष्मीपूजनाच्या आधी, मीच म्हटलं, तुझे गुडघे दुखतात, मी घासते. राणीची बाजू चिंचेने घासली. चिन्हाची बाजू नुसती दुधापाण्यातून काढली. तिच्यावर वर्षभराची पिवळट झाक तशीच आहे. यात नाणं जपलं गेलं की पूजा अर्धी राहिली, मला सांगता येत नाही, आणि हे पत्र कुठे पाठवायचं तेही माहीत नाही. पाटावर मांडताना मी चिन्हाची बाजू खाली केली. आई चष्मा लावून वाकून म्हणाली, "बघ, किती छान निघाला!" मी हो म्हटलं.