टॅबमधल्या चार खोल्या

११ जानेवारी, रविवार

आज टॅबची वाटणी केली!

घेतला होता वैष्णवीच्या बारावीसाठी. पण रसायनाचा तास संपला की खाली काय येतं — मेंढ्यांची कातरणी, कबड्डीचे सामने, वांग्याच्या भरताच्या सात पद्धती. सगळ्यांचं सगळ्यांत मिसळलेलं. परीक्षा महिन्यावर आली. काल तिनं टॅब गादीवर आपटला — "मम्मी, हा टॅब आहे का एसटी स्टँड?"

मग सकाळी सेटिंगमध्ये डोकं घातलं. कळलं की एकाच टॅबवर प्रत्येकाचं वेगळं खातं काढता येतं. आपल्या नावावर बोट ठेवलं की आपलंच तेवढं उघडतं, दुसऱ्याचं काही दिसत नाही. एका घरात चार खोल्या. मुख्य खातं माझं, कारण पहिल्या दिवशी टॅब मीच चालू केला होता. नवं खातं काढायचं किंवा दुसऱ्याचं पुसायचं तर माझाच पिन लागतो. हे मनाला जरा टोचलं. चौघांत मालक मीच का? आणि मला ते आवडलं का? थोडं आवडलं.

अडचण आली आत्यांची, म्हणजे सासूबाईंची. त्यांना वाचता येत नाही. पण उपाय त्यांनीच सुचवला.

"नाव कशाला वाचायला लागतंय? मेंढराला लावताव तसा ठिपका लाव की!"

रानात दोन कळप मिसळले तर पाठीवरच्या ठिपक्याच्या रंगावरून निवडतात. ठिपका ज्याचा, मेंढरू त्याचं. त्यावर कुणी वाद घालत नाही. आत्यांच्या मेंढ्यांना गेरूचा लाल असतो. म्हणून टॅबमध्ये आत्या लाल, वैष्णवी हिरवी, आणि रणधीर, म्हणजे आमचे हे, पिवळे.

"अन् तुजा कोन्चा?"

"निळा, आत्या."

"ध्यानात ठिवते."

नियम एकच केला — कुणी कुणाच्या खोलीत जायचं नाही. बापलेकींनी लगेच पिन घातले. आत्यांनी नाही. "कुलूप कशापायी? आत काय सोनं हाय का?"

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ, हळदीकुंकू, पाय मोडले.

लाल खोली जोरात चालू आहे! सिदूचे व्हिडिओ येतात. सिदू आत्यांचा भाचा, त्यांची मेंढरं तोच राखतो. ऊस तुटला की तो कळप घेऊन ढोकीकडं जातो. रानात खत पडावं म्हणून शेतकरी बोलावून मेंढरं बसवून घेतात. दरवर्षी आत्याही पालावर जायच्या. यंदा दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून इथं तेरला अडकल्या. टॅबकडं बघून "हर्र, हर्र" करतात. मेंढ्या मान वर करत नाहीत.

"बग कशी शेफारलीत! वळखबी देईनात."

१८ जानेवारी, रविवार

रणधीर स्वतःचा पिन विसरले! (वहीत नावानं लिहिते. तोंडानं अहोच.) गाडीचा नंबर टाकला, लग्नाची तारीख टाकली — ती तर चुकीचीच टाकली, ते वेगळंच. आता एकच मार्ग. मी माझ्या खात्यातून त्यांचं खातं पुसायचं आणि नवं काढायचं. आतलं सगळं जाणार.

मी तीनदा विचारलं, "नक्की पुसू?"

"पूस की बाई! कबड्डीच्या व्हिडिओसाठी काय दाखला आणू?"

आत्या भिंतीला टेकून बघत होत्या. "ह्याच्या खोलीची किल्ली बायकूकडं!" म्हणून इतक्या हसल्या की गुडघा धरून बसल्या.

२० जानेवारी

आत्या सकाळी गायब. काठीसकट! शोधाशोध. दुपारी सिदूचा फोन — "वैनी, आत्या हितं हायती. एसटीनं आल्या. स्टँडपासून रानापतूर चालत." संध्याकाळी रणधीर जाऊन घेऊन आले. पाय सुजून मडकं झालेला. आत्यांचा चेहरा मात्र जत्रेला जाऊन आल्यासारखा.

२१ जानेवारी

रणधीरनी ऑफिसला जाताना फाटकाशी थांबवून सांगितलं. मेंढरं विकायची ठरवली आहेत. सगळी. व्यापारी बघून ठेवलाय.

"मेंढरं आहेत तोवर ती घरात बसणार नाही. परत त्या ढेकळात गेली, पडली, गुडघा गेला, तर तू उचलणार का मी?"

"पण मेंढरं आत्यांची आहेत."

"म्हणून तर तिला सांगायचं नाही. गेल्यावर सांगू. चार दिवस रडेल, मग विसरेल."

काळजी खरी आहे. कालचा पाय मीही बघितलाय. पण चार दिवस? ती बाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्या कळपामागं आहे. मी "नको" म्हटलं नाही. "बघू" म्हटलं. बघू म्हणजे काय? बघू म्हणजे हो — घाबरून म्हटलेलं.

२३ जानेवारी

आज आत्यांना सांगणार होते. नाही सांगितलं.

२४ जानेवारी

आजही नाही. चहा नेऊन दिला, पाय चेपले, शेकायला पिशवी दिली. त्या म्हणाल्या, "आज लई माया आलीया?" मी पळाले.

मीच केलेल्या खोल्यांवर आता राग येतो. सगळं एकात मिसळलेलं होतं तेव्हा घरात कुणाचं काही लपत नव्हतं. पण टॅबला कशाला बोल लावायचा? तोंड माझं बंद आहे. त्याला कुणी पिन घातलेला नाही.

२६ जानेवारी, सोमवार

शाळेत झेंडावंदन. तिथल्या ऑफिसचं काम माझ्याकडं, म्हणून जिलेबीची जबाबदारीही माझ्याचकडं. घरी आले तर आत्या ओसरीवर टॅब घेऊन बसलेल्या, शेजारी वैष्णवी. लाल खोलीत काहीतरी आलं होतं. सिदूच असणार म्हणून आत्यांनी बोट ठेवलं. अनोळखी बाप्याचा आवाज.

"रणधीरदादा, व्हिडिओ बघितला. माल एक नंबर हाय. रविवारी सकाळी टेम्पू घिऊन ढोकीला येतो. म्हातारीला सांगितलं का न्हाय अजून?"

सगळं लक्षात आलं. व्यापाऱ्याला मेंढरं दाखवायची होती आणि सिदूचे व्हिडिओ येतात फक्त आत्यांच्या खोलीत. तिथं कुलूप नाही. रणधीरनी तिथूनच व्हिडिओ पुढं पाठवला. मग त्याचं उत्तरही तिथंच आलं. ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर असतात हे!

आत्यांनी ते पुन्हा एकदा लावून ऐकलं. वैष्णवी माझ्याकडं बघत होती. मी जिलेबीच्या पुड्याकडं.

"आत्या, मला माहीत होतं."

"व्हय. चार दिस झालं, भाजीत मीठ दोनदा पडतंय." मग टॅब बाजूला सारून — "च्या ठिव."

२७ जानेवारी

घरात काहीच झालं नाही. हेच भीतिदायक. रणधीरना आत्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मलाही म्हणाल्या, "त्येला काय सांगू नगंस. माजी आन हाय." म्हणजे आता मी दोघांचंही गुपित पोटात घेऊन फिरते आहे. चांगलाच न्याय!

मी म्हटलं, "आत्या, मी त्यांच्याशी भांडते."

"भांडून काय? त्यो माजाच हाय. दगडावानी, हलायचा न्हाय." मग टॅब पुढं ओढला. "मला येक सांग. ह्यात मालक तू न्हवं?"

"हो."

"तुज्या नंबराबिगर रणधीरला कुनाचं काय पुसता येत न्हाय?"

"नाही येत. मला विचारावं लागतं."

"अन् तू इचारल्याबिगर पुसत न्हाईस. तीनदा इचारतीस."

"ती माझी खोड आहे, आत्या."

"असू दे," म्हणाल्या.

२९ जानेवारी

सिदू मोटारसायकलवर पीठ न्यायला आला. जेवला. आत्या नि तो ओसरीवर कुजबुजत बसले. वैष्णवी म्हणाली, "आजीनं सिदूकाकाला काहीतरी पिशवीत घालून दिलं."

भाकरी असतील.

३० जानेवारी

पांढरे कपडे धुवायला काढले तर नीळ सापडेना. परवाच तर नवी बाटली आणलेली! वैष्णवीला उगाच बोलले. नंतर वाईट वाटलं. तिला बोलायचं काय कारण होतं, रविवार जवळ आलाय म्हणून?

३१ जानेवारी

उद्या. रणधीरना पुन्हा म्हटलं, "अजून थांबवता येईल."

"टेम्पो ठरलाय," म्हणाले. पण जेवले नाहीत नीट.

१ फेब्रुवारी, रविवार

रणधीर सातलाच ढोकीला गेले. नऊच्या सुमाराला आत्यांनी लाल खोली उघडून टॅब माझ्या हातात दिला. सिदूचा व्हिडिओ. तुटलेल्या उसाचं रान, कडेला टेम्पो, व्यापारी कमरेवर हात ठेवून उभा, रणधीर डोकं खाजवतायत. आणि मेंढरं — एकूणएक मेंढराच्या पाठीवर, जुन्या लालाच्या वर, माझा निळा ठिपका!

मागून सिदूचा आवाज — "वैनी, ब्यापारी म्हनतोय मालकाबिगर मेंढराला हात लावनार न्हाय. दादा म्हनतेत, तुमाला इचारा. आता काय करायचं?"

मला तीनदा विचारावं लागलं नाही. एकही मेंढरू द्यायचं नाही, सिदूला कळवलं. आत्या लुगडं बदलून, काठी घेऊन दारात उभ्याच होत्या. एसटी नको म्हटलं. जीप सांगितली आहे. माझी मेंढरं बघायला जातोय.