रकाना अकरा : निरंक

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठापैकी सहा अंगं नीट टेकली. डावा गुडघा आणि मान यांनी साफ नकार दिला, त्यांचा नमस्कार मी तोंडी कळवतो.) तुझं बीपी, भाऊजींचं कानातलं यंत्र आणि तुमच्या जिन्याचा तो हलणारा कठडा, तिघांच्याही प्रकृतीचं सविस्तर कळव. आम्ही सर्व खुशाल, असं पुढे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं म्हणजे मी संतापलो आहे, आणि हा संताप फोनवर मावणारा नाही. फोनवर मी ऐन रंगात आलेलो असताना तू "ते असू दे, जेवलास का?" असं विचारतेस आणि माझ्या सगळ्या संतापाचं पाणी होतं. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून हे पत्र.

तर तुझी भाची, आमची चिमणी (वय एकोणीस, उंची माझ्याहून चार बोटं जास्त, तरी घरात चिमणीच), कॉलेजकडून चारशे मीटर धावते, हे तू जाणतेसच. पुढच्या महिन्यात स्पर्धा. पोरगी सहा महिने पहाटे उठते आहे, म्हणजे पर्यायाने मीही उठतो आहे, कारण तिचा गजर फक्त मला ऐकू येतो. आणि अशा वेळी कॉलेजने फलक लावला की मैदानात उतरण्यापूर्वी सर्व खेळाडूंनी 'ह्रदयतपासणी' करून घ्यावी. ताई, 'हृदय' असं लिहितात. ह ला ऋ. यांनी 'ह'चा पाय मोडून पुढे 'र' लावला होता. ज्यांना हृदय लिहिता येत नाही, ते आमचं हृदय तपासणार! मी तिथल्या तिथे पेन काढून दुरुस्ती केली. शिपाई धावत आला, म्हणाला, "काका, फलकावर लिहायला मनाई आहे." मी विचारलं, चुकीचं लिहायला आहे का? अशा लोकांशी असंच बोलावं लागतं.

मग अर्ज आला. चौदा रकान्यांचा. आता मी तीस वर्षं कचेरीत बसून लोकांचे अर्जच तपासले. माझ्या टेबलावर दोन गुन्ह्यांना माफी नव्हती: एक रिकामा रकाना आणि दुसरी खाडाखोड. लोक मला पाठीमागे काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे, आणि त्याचा मला अभिमानच आहे. तेव्हा चिमणीला म्हटलं, तू सराव कर, अर्ज माझ्यावर सोड. टेबल पुसून घेतलं, निरोपसमारंभात मिळालेलं पेन काढलं आणि चौदाच्या चौदा रकाने भरले. दम लागतो का? नाही. चक्कर येते का? नाही. रकाना अकरामध्ये विचारलं होतं, कुटुंबात चाळिशीच्या आत कोणाचा आकस्मिक मृत्यू झाला आहे काय? मी लिहिलं, निरंक. खाली बारीक रेघ. काय सुंदर शब्द आहे तो, ताई. 'नाही' म्हटलं की पुढचा माणूस 'का नाही' विचारतो. 'निरंक' म्हटलं की विषय मिटला.

तपासणी व्यायामशाळेत होती. एका कोपऱ्यात पडदे लावून खाटा मांडल्या होत्या आणि रांगेत ते आडदांड खेळाडू सुई टोचतात की काय या भीतीने पांढरेफटक पडून उभे. (सुई नसते. छातीला, हातापायांना चिकटपट्ट्या लावतात आणि कागदावर रेघोट्या निघतात.) फुटबॉलच्या गोलरक्षकाच्या छातीवर इतकं जंगल होतं की पट्टी चिकटेना. शेवटी चार ठिकाणी भादरलं, तेव्हा कुठे त्याचं हृदय सापडलं. एकेक जण पाच मिनिटांत बाहेर, कागदावर 'ठीक' असा शिक्का. बुद्धिबळाचा खेळाडूसुद्धा ठीक! जो दोन जिने चढला की कठड्याला मिठी मारतो तो ठीक! आणि आमच्या चिमणीचा कागद तेवढा डॉक्टरीणबाईंनी बाजूला काढून वजनाखाली ठेवला.

पुन्हा ईसीजी काढला. पुन्हा बाजूला ठेवला. मग मला आत बोलावलं. बाई तिशीच्या असतील, कानावर पेन्सिल खोचलेली. म्हणाल्या, ठोका पडल्यावर हिचं हृदय पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जरा जास्त वेळ घेतं. एवढंच? ताई, आमच्या कचेरीत दोन कामांच्या मध्ये कोणी एवढीच विश्रांती घेतली असती तर त्याला मी बढतीची शिफारस केली असती! पण नाही. मोठ्या तपासण्या होईपर्यंत धावायचं नाही, पोहायचं नाही, बसून राहिली तर उत्तम. मी विचारलं, रेघ कितीने लांब आहे? बाईंनी पेन्सिलीने दाखवलं. मला तर चष्मा लावूनही दिसेना. मुंगीच्या पायाएवढ्या रेघेसाठी माझ्या मुलीचे सहा महिने!

त्यात त्यांनी अर्ज पुढे ओढला, अकराव्या रकान्यावर पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "निरंक म्हणजे? माहीत नाही, की नाही?" ऐकतेस का? डॉक्टर झाल्या आणि निरंक माहीत नाही! मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच, म्हणजे कोणीच नाही? झोपेत, खेळताना, गाडी चालवताना, कोणी नाही? मी म्हटलं, बाई, निरंक म्हणजे निरंक. आणि उठलो.

क्रीडाशिक्षकांकडून (यांना सगळे शिट्टीसर म्हणतात, कारण ते बोलण्याऐवजी वाजवतात) आधाराची अपेक्षा होती. त्यांनी यादीतून चिमणीचं नाव काढलं, तेही न वाजवता. ती दुपारपासून जिन्यावर बूट मांडीत घेऊन बसली आहे आणि एकाच नाडीला गाठ मारते, सोडते. मला ते बघवत नाही. तुझी भावजय उलट माझ्यावरच घसरली. म्हणे, गेल्या महिन्यात शर्यत संपल्यावर पोरगी पाच मिनिटं डोळे मिटून पडली होती, ते अर्जात का नाही लिहिलंत? अगं, ती चक्कर नव्हती. ऊन होतं!

तेव्हा कामाचं. कॉलेजचे प्राचार्य आणि भाऊजी एकाच वसतिगृहात होते, असं भाऊजी दर भेटीत सांगतात. त्या ओळखीचा आजवर कोणालाच उपयोग झालेला नाही, आता होऊ दे. भाऊजींनी एक फोन करावा आणि नाव यादीत परत घालायला सांगावं. यंत्र कानात घालून करावा, नाहीतर भलतंच कबूल करून बसतील.

तुझा संतप्त, तरी अजून तुला घाबरणारा,
भाऊ

ता. क. फलक नवा छापून आला. 'हृदय' बरोबर केलं आहे. मात्र आता 'तपासणी'तली वेलांटी गळली आहे. मी पेन काढलं नाही.

ता. क. २. भाऊजींना फोन करायला सांगू नकोस. काल त्या डॉक्टरीणबाईंचाच फोन आला होता. निरंक शब्द कोशात बघितला म्हणाल्या. चांगला आहे म्हणाल्या. मग विचारलं, "काका, एक विचारायचं राहिलं. चांगलं पोहता येत असूनही घरातलं कोणी बुडालं आहे का?" मी राँग नंबर म्हणून फोन ठेवला.

ता. क. ३. ताई, आपला धाकटा.

आपल्या घरात त्याच्यासाठी 'बुडाला' हा एकच शब्द आहे. बुडणं म्हणजे अपघात, म्हणून तो रकान्यात आला नाही. मी खोटं लिहिलं नाही गं, मला तो आठवलाच नाही, आणि याचीच मला जास्त लाज वाटते. बावीस वर्षांचा होता. तलाव या काठावरून त्या काठावर दोनदा पार करायचा, आणि सापडला तिथे पाणी छातीइतकंच होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं. काठावर तू एकटी होतीस. तू सांगत होतीस की त्याने हाक मारली नाही, हातसुद्धा हलवले नाहीत, पोहता पोहता मध्येच थांबला. बाबांनी तुला पुढे बोलूच दिलं नाही, तुझं लक्ष कुठे होतं, म्हणाले. मीही म्हणालो. पस्तीस वर्षं झाली, ते शब्द मी मागे घेतले नाहीत. आज घेतो. तुझं लक्ष त्याच्यावरच होतं. म्हणून तर तुला ते दिसलं.

डॉक्टरीणबाईंना मी उलटा फोन केला. असं हृदय पोहताना, धावताना एकाएकी थांबू शकतं आणि ते घराण्यात उतरतं, म्हणाल्या. तू पाहिलेलं सगळं त्यांना हवं आहे, आणि तुझा व मुलांचा ईसीजीही. (माझा काढला. माझ्याही छातीवर दोन ठिकाणी भादरलं.) चिमणीचे बूट मी कपाटावर ठेवले आहेत. ती माझ्याशी बोलत नाही. बोलू नये. घरात असली म्हणजे झालं.

अर्ज परत मागून आणला आणि 'निरंक' खोडलं. खाडाखोड झाली आहे, होऊ दे. तुझं पत्र येईपर्यंत रकाना रिकामा ठेवतो. सगळं लिही, अगदी पहिल्यापासून. कागदावर तुला मध्येच कोणी गप्प करू शकत नाही.