उघाडीच्या फळ्या

मी, काशीराम गणू केणी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार गोराई गाव, बोरिवली, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. तेव्हाही ते जागेवरच होतं, याचंच दुःख आहे.

१. राहतं घर मुलगा यज्ञेश याला. त्याला बोरिवलीत फ्लॅट घ्यायचाय, घ्यावा. पण इथली विहीर बुजवू नये आणि शेजारच्या लग्नाच्या लॉनवाल्याला तिचं थेंबभरही पाणी देऊ नये. त्या लॉनच्या जागी आमची भातं होती.

२. खाडीकडचं शेत भावजय प्रेमा हिला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

खाडीच्या बांधाला उघाडी, म्हणजे पाणी अडवायचं लाकडी फळ्यांचं दार होतं. भरती चढण्याआधी फळ्या टाकायच्या, ओहोटीला काढायच्या. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. १९८३च्या पिठोरी अमावस्येला पाळी धाकटा भाऊ बाळा याची होती. सासुरवाडीला निघताना तो म्हणाला, "दादा, आज माझ्या फळ्या तू टाक ना." एका फणसाच्या झाडावरून आमचं वाकडं होतं. मी मान हलवली आणि फळ्या टाकल्या नाहीत. उघाडीलगतचं शेत त्याचं, तेवढंच भिजेल, चांगली अद्दल घडेल, असं मनात धरलं. भर दुपारी बांधावर उभा राहून खारं पाणी आत येताना बघत राहिलो. पाणी बाळाच्या शेतावर थांबलं नाही. सगळ्या गावाची पोटरीतली भातं करपली, माझीसुद्धा.

देवळात बैठक बसली. बाळा म्हणाला, "दादाला सांगून गेलो होतो." मी म्हणालो, "मला काही सांगितलं नाही." थोरल्याचा शब्द खरा धरला गेला. बाळा बायकोला, प्रेमाला, घेऊन घाटकोपरला भाड्याच्या खोलीत गेला आणि तिथेच वारला. खारावलेली शेतं लोकांनी एकेक करून विकली. गाव बिल्डरांनी खाल्लं असं सगळे म्हणतात. पान मी वाढून दिलं होतं.

३. हे मृत्युपत्र वकिलाच्या ऑफिसात नव्हे, त्याच देवळात, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावं. जिवंतपणी माझं धाडस झालं नाही. याची मला लाज वाटते.

पुरवणी: आज सकाळी प्रेमा घाटकोपरहून आली. तिला हे वाचून दाखवलं. तिने कागद घेऊन फळ्यांची हकीकत स्वतः पुन्हा वाचली. मग म्हणाली, "खाली साक्षीदार म्हणून मी सही करते." मी सांगितलं, जिला जमीन मिळते तिने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणतात.

"मग जमीन नको मला, भावोजी. पेन द्या."

म्हणून कलम २ मधलं शेत यज्ञेशला. त्यातली हकीकत मात्र जशीच्या तशी कायम.

ठिकाण: गोराई. दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५.

(सही) काशीराम गणू केणी

साक्षीदार:
१. (सही) धम्मपाल जाधव, निवृत्त शिक्षक, गोराई.
२. (सही) प्रेमा बाळा केणी, राहणार घाटकोपर, गाव गोराई.